खडू

समितीनं मला चार पानं दिलीत.
शाळेबद्दल लिही, म्हणाले, पटावरच्यांतली तूच काय ती उरलीस.
नाव, साल, मास्तरणींची यादी,
आणि सापडला तर एखादा फोटो.

यादी सोपी आहे.
एकोणीसशे अकरा ते एकोणसाठ,
सत्तावीस बाया, तीन बाप्ये.
बाया एकोणीस-वीस वर्षांच्या, ट्रंकेसकट यायच्या
आणि बहुतेक जणी वर्षभरात
इथल्याच कुणाचं तरी आडनाव लावायच्या.

नावाचं अवघड आहे.
ओढ्याच्या अलीकडे नॉर्वेची माणसं, पलीकडे युक्रेनची.
ह्यांना एक नाव हवं, त्यांना दुसरं.
तीन बैठका झाल्या, एकाचा दात पडला,
शेवटी रिजायनाच्या कचेरीतल्या कुणा कारकुनानं
दोन्ही खोडून वर लिहिलं : एल्फ्रीडा.
कोण ही? त्याची बायको?
की हातची निसटलेली कुणी?
अठ्ठेचाळीस वर्षं पोरं तिच्या दारात ‘हजर’ म्हणत राहिली,
ती स्वतः एकदाही आली नाही.

थंडी लिहू का?
उणे चाळीसला दौतीतली शाई गोठायची.
कुणीतरी दौत शेगडीवर ठेवली, बूच न काढता.
छतावरचा तो निळा डाग माझ्या जन्माआधीचा.
आम्ही त्याला समुद्र म्हणायचो.
खरा समुद्र फक्त आजा-आजीनं पाहिला होता
आणि ती त्याबद्दल बोलत नसत.

माझा बाप, वासिल,
घरची भाषा तोंडातून निघाली की हातावर पट्टा,
म्हणून दोन वर्षं कुठल्याच भाषेत बोलला नाही.
मुका म्हणून शेवटच्या बाकावर.
मग एका दुपारी, शाळेमागच्या तबेल्यात,
लंगडणाऱ्या घोडीच्या कानाशी तो घडाघडा बोलत होता
ते मिस पर्विसनं ऐकलं.
तिनं आवाज न करता दार लोटून घेतलं
आणि घंटा दहा मिनिटं उशिरा वाजवली.
यादीत तिच्यापुढे नुसतं एक साल आहे.

शुक्रवारी बाकं भिंतीला सरकवायचे.
कोटांच्या ढिगावर तान्ही पोरं झोपलेली,
आणि फिडलवाला एकच, तोही अर्धा बहिरा.
धुळीच्या वर्षांत छप्पर गळेना, पण चाळायला लागलं,
तेव्हा पैसे उभे करायला डब्यांचा लिलाव केला :
बायकांनी रांधायचं, पुरुषांनी न बघता बोली लावायची.
गुनवोर स्टेन्सरूडचा डबा बापानं सव्वा डॉलरला घेतला,
एवढ्यात तेव्हा डुकराचं पिल्लू यायचं.
आत मासा. क्षाराच्या पाण्यात मुरवलेला, थरथरता.
सगळा हॉल बघत होता.
त्यानं तो संपवला. काट्यांसकट.
मी आहे ती त्यामुळे.

शेवटच्या वर्षी आम्ही सहा जण होतो.
मग पिवळी बस आली, आणि गावातली विटांची शाळा,
जिथे माझ्या वर्गातच तीन इंगा होत्या.
इमारत हालवोरमामानं एकशे चाळीस डॉलरला घेतली,
ट्रॅक्टरला बांधून बर्फावरून ओढत नेली,
खिडक्यांना फळ्या ठोकल्या
आणि आत गहू ओतला, समुद्राला टेकेपर्यंत.

पुढे कितीतरी वर्षांनी
एलेव्हेटरवरचा माणूस नमुन्याची मूठ पसरून म्हणाला,
मामा, गव्हात खडा आहे तुमच्या.
मी वाकून पाहिलं.
खडा नव्हता. खडू होता.
अर्धा टक्का कापलाच त्यानं.

फोटो मिळाला नाही.
चार पानं कधीच भरली, वर हे पाचवं.
खडू टेबलावर आहे, करंगळीच्या पेराएवढा.
अजून लिहितो का बघावं म्हणून
कागदाच्या कडेला आत्ताच एक रेघ ओढली.
पांढऱ्यावर पांढरी, दिसत नाही.
बोटाला लागते.