अनियमित क्रियापद

कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला,
नटबोल्टच्या दुकानावर माझा इंग्रजीचा वर्ग.
संध्याकाळी सात ते साडेआठ.
फळ्यावर लिहिलं: स्टील. म्हणजे चोरणे.

मोरेश्वर, जो दिवसभर काट्यावर ट्रक तोलतो,
म्हणाला, सर, मग अख्खा बाजारच चोरीचा की आमचा.
हसले सगळे. मी स्पेलिंग दाखवलं,
एकात दोन ई, दुसऱ्यात ई-ए,
हा फरक कानाला कळत नाही
आणि आपल्या लिपीला तर मुळीच नाही.
खाली कुणीतरी सळया उतरवल्या.
खडखडाट संपेपर्यंत आम्ही थांबलो. इथली सवय.

भूतकाळ: स्टोल.
रुखसार तळोज्याहून स्कूटीवर येते.
तोंडावरची धुळकट ओढणी सोडत म्हणाली, हा?
हा नव्हे. पण असू दे, लक्षात राहील.

मग उपयोग, जसे आठवतील तसे.
पाय न वाजवता खोलीतून सटकणं, तेही स्टील.
आपण त्याला चोरपावलं म्हणतो,
माणूस सोडून पावलांवरच आळ घेतो.
आणि उलव्याच्या फ्लॅटची जाहिरात आहे ना, हायवेवर,
तिथे स्टील म्हणजे इतकं स्वस्त
की घेणाराच चोर ठरावा.
यावर कुणी हसलं नाही.
मोरेश्वरचा हप्ता अजून अठरा वर्षं आहे.

सोपं जावं म्हणून म्हटलं, मराठीत सांगा.
अंग चोरतो, सर, रिक्षात चौथा बसला की.
नजर चोरतो, फीची तारीख उलटली की,
हे खिडकीकडे बघत.
तिसऱ्या महिन्यात भरतात ती चोरओटी,
पल्लवी बोलून गेली आणि तिने पटकन वही मिटली.
बायकांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.
मला कळायला जरा उशीर लागला.

मागच्या बाकावरून हिराबाई घरत.
नातवाच्या शाळेतली पालकसभा इंग्रजीत होते, म्हणून येतात.
म्हस दूध चोरते, म्हणाल्या,
पारडू नसलं जवल की वर ओढून घेते.
तिला कोन पकरनार?
याला इंग्रजी मला सापडेना.
फळ्यावर तेवढी जागा मोकळी ठेवली.

आता वाक्य करा. आय स्टोल, पुढे काहीही.
हिराबाई उभ्या राहिल्या.
आय स्टोल, म्हणाल्या स्वच्छ, आणि मग आपल्या बोलीत:
लगीन होऊन सा महिने. सायब आले साखली टाकीत,
आमच्या खाजनातल्या भातावर.
लाल डोक्याच्या खुंट्या मारल्या.
सासऱ्यानं आंगठा दिला.
कागदाव शब्द होता संपादन, तो मना मागाहून कलला.
रातचे मी एकली उठले,
एक खुंटी उपटली नि सात पावलं सरकवली,
बांदावचा शेवगा वाचवाला.
सायबाला कललं नाय.

देवळापाशी त्या सरळ रस्त्याला
उगाचच एक वळण आहे.
मी रोज तिथून येतो.
रोज रिक्षावाला तिथे नकाशा काढणाऱ्याला शिवी देतो.

शेवगा आहे का अजून?
नाय वो. दोन सालांनी वादलात परला.

घड्याळात साडेआठ होत आलेले.
मी घाईने उरलेलं लिहिलं, स्टील, स्टोल, स्टोलन.
याला नियम नाही, पाठच करायचं.
अनियमित क्रियापद.

हिराबाईंनी शब्द एकेक अक्षर करून उतरवला,
चष्मा वर केला.
आमच्या वरच्या मजल्याला पन हेच लिवलंय, नोटिशीत.
यो नियमित कवा व्हतो, सर?

खाली पुन्हा सळया.
आम्ही थांबलो.
खडखडाट संपला, बाकं सरकली, चपला घातल्या कुणी,
तरी मी तो ऐकत असल्यासारखा
उभाच राहिलो, हातात खडू,
फळ्याकडे तोंड करून.