मागची आवृत्ती

रात्री कधीतरी तो आपणहून नवा झाला.
सकाळी झाकण उघडलं तर खिडक्यांचे कोपरे गोल,
आणि मढव्यांच्या हळदीच्या पत्रिकेत
'वऱ्हाडी मंडळीं'च्या जागी
रिकाम्या चौकोनांची रांग.
पंगत मांडून ठेवावी
आणि जेवायला कोणी येऊच नये, तशी.

माझा अक्षरांचा प्रोग्राम जुना.
सोबत अंगठ्याएवढं हिरवं डोंगल,
ते खोचल्याशिवाय अनुस्वारही उमटत नाही.
नव्या सिस्टीमने त्याला ओळखच दिली नाही.
भाचा म्हणाला, आत्या, युनिकोडमध्ये कर,
जग तिकडे गेलं.
करून पाहिलं. पण त्यातल्या 'श्री'ला पोट नाही,
आणि आमच्या घणसोली गावठाणात
पोट नसलेला 'श्री' कोणी देवापुढे ठेवत नाही.

यात तीन आठवडे गेले.

कोपरखैरण्यात, जिन्याखालच्या गाळ्यात
इम्तियाज बसतो.
त्याने लॅपटॉप उलटा केला, तळाला फुंकर मारली.
"मागे नेतो," म्हणाला, "पण परतायची मुदत दहा दिवसांची,
ती संपली. आता सगळं पुसून जावं लागेल."
मी म्हटलं, पुसून तर माणसं पुढे जातात.
तो हसला नाही. पेन ड्राइव्ह शोधत होता.

फायली आधी काढून घेतल्या.
नावांची यादी मात्र निघेना,
ती प्रोग्रामच्या पोटात, आणि प्रोग्राम उघडत नव्हता.
गावातली घरं, आजे, चुलते, आत्या, जावई,
एकदा नीट टाइप केलेले,
म्हणजे दर लग्नाला वेलांटी चुकायला नको.
"जुनी कॉपी?"
होती. निळ्या डबीत, दोन हजार सोळाची.
कपाटात साड्यांच्या घड्यांखाली.

संध्याकाळपर्यंत पट्टी सरकत राहिली.
चौसष्ट टक्क्यांवर इतका वेळ थांबली
की मी समोरच्या दुकानातून कोथिंबीर घेऊन आले.
मग जुना निळा पडदा. डोंगल खोचलं.
'वऱ्हाडी' उमटलं,
पापणीसारखा तो अर्धा र
होता तिथे होता.

दुसऱ्या दिवशी प्रूफ वाचायला नवरीचा काका आला.
बोट ओळीवरून फिरत गेलं, थांबलं.
"अगो, तू तं आमच्या आज्याला जिता केलास!"
हिराजी पदाजी मढवी यांची नात.
मागे 'कै.' नाही.
तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं,
मग बराच वेळ ग्लास हातात धरून बसला.

तो गेल्यावर यादी उघडली.
सोळा सालचं गाव.
चांगूबाई. तलावाकडचे दोघे भाऊ.
बँकेतला धर्मा, ज्याने अजून बँक सोडलेली नाही.
कै.
दोन कळा आणि एक टिंब.
कै.
एकोणतीस वेळा.
काहींच्या वेळी मी खात्री करायला फोन केले,
"गेले ना हो ते?" असं विचारायचे शब्द
कोणत्याही फाँटमध्ये नीट बसत नाहीत.

सगळ्यात खाली, सुपाऱ्यांच्या वेलबुट्टीला लागून
एक ओळ आपोआप येते.
जगन्नाथ गेल्यावर मी ती काढली होती.
ती परत आलीय.

अक्षरजुळणी : जगन्नाथ व सौ. विमल

मुद्रकाच्या नावामागे 'कै.' लावायची पद्धत नाही.
'सौ.'चं काय करायचं, ते कोणी सांगितलेलं नाही.

मढव्यांच्या दीडशे पत्रिका
पाच वाजता छापायला गेल्या.
ती ओळ सहा पॉइंटांत आहे,
चष्म्याशिवाय वाचता येत नाही.