एक पेठ, वर्षाच्या बोलीवर

दाजी पेठ, साखर पेठ, भद्रावती पेठ,
शिवाय वारांच्या नावाच्या जेवढ्या असतील तेवढ्या.
त्यात माझी एक, नकाशात नसलेली:
मेरगूटॉवेल डॉट इन.
रात्री साडेअकराला घेतली
दोन चादरींच्या भावात,
ओटीपी पुटपुटत,
पोरगं जागं होईल म्हणून हळू.

आधीचा पत्ता मामय्यांच्या नावाचा, फुकटातला,
मध्ये अधोरेषा, शेवटी जन्मसाल.
मस्कतच्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं,
तुमचा कारखाना खराच आहे ना?
भिंतीपलीकडे चोवीस माग खडखडत होते.
मेलमधून खडखड जात नाही.

सकाळी नोंदी भरायला बसले.
जगाला कळवायचं असतं:
आमच्या नावाचं पत्र आमच्या दारी टाकू नका,
त्या अमुक कंपनीकडे द्या, प्राधान्य दहा,
तिथे कुणी नसेल तर शेजारी, प्राधान्य वीस.
गल्लीला नंबर नव्हते तेव्हा
आमचं टपाल बिटला किराणावाल्याकडे यायचं,
तो तेलकट हाताने द्यायचा, तसंच.

मामय्या खुर्ची ओढून बसले.
मग पत्रं राहतात कुठं?
लांब. एका थंड खोलीत. दरमहा भाडं.
खोली त्यांची?
हो.
कुलूप?
त्यांचंच. किल्ली आपल्याकडे, त्यांच्याकडेही असणार.
बराच वेळ लुंगीवरचे सुताचे धागे वेचत राहिले.
मग म्हणाले, पेरु मनदे, इल्लु वाळ्ळदि.
नाव आपलं, घर त्यांचं.

हे ते कोडमच्या शेडबद्दलही म्हणायचे.
सहा वर्षं. माग कोडमचे, सूत कोडमचं,
वीज गेली तर अंधारही कोडमचा.
काठावरचा मोर तेवढा आमचा.
शेड सोडली त्या दिवशी
त्या मोराच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची चळत
सायकलच्या कॅरिअरला बांधून
अशोक चौकापर्यंत पायी आणली,
एक पुठ्ठा मागेपुढे झाला तर मोराची मान जाते म्हणून.

उद्या ही खोली नाही परवडली तर?
पुठ्ठे घेऊन निघायचं, मी म्हटलं.
ते हसले. मला वाटतं, मेल म्हणजे काय
ते त्यांना माझ्याआधी कळलं.

पडद्यावर लिहून आलं होतं,
सगळीकडे पोचायला अठ्ठेचाळीस तास लागू शकतात.
आमच्या बोळात चहा उकळायच्या आत पोचतं सगळं.
पण थांबले.
तिसऱ्या दिवशी मस्कतला दरपत्रक धाडलं
आणि ते त्याच्या कचऱ्यात पडलं.
मुखत्यारपत्र द्यायचं राहिलं होतं:
ही कंपनी माझ्या नावाने बोलते, तिला बोलू द्या.
एवढी एक ओळ.
ताण्याची एक तार तुटली
की टॉवेलभर रेघ उमटते, तेच हे.
ओळ घातली. पुन्हा धाडलं.
उत्तर आलं, भाव कमी करा.
कारखाना खरा ठरला.

योजनेत पाच पेट्या होत्या.
मालक, विक्री, हिशोब, एक माझी.
पाचवी रिकामी, पैसे मात्र पाचांचे.
भूलक्ष्मी अक्का टॉवेलांना काठ शिवते,
ती म्हणाली, तिथं मला घाल.
तुम्हाला कोण लिहिणार अक्का?
नाही लिहिलं तरी असू दे की.

तिचा पत्ता धुण्याच्या सूचनांच्या लेबलामागे लिहून दिला.
तिने तो पिशवीच्या आत शिवून टाकला,
चारी बाजूंनी, दुहेरी टाक्याने.

नूतनीकरणाची तारीख भिंतीवर आहे,
लाइट बिलाच्या खाली, लाल पेनाने.
विसरले तर पेठ दुसऱ्याची.

दर शनिवारी पगार मोजून घेताना अक्का विचारते, आलं का?
एकच आलंय. कंपनीचंच, इंग्रजीतलं, सगळ्यांना येतं ते.
मी मराठीत वाचून दाखवलं:
भूलक्ष्मी, तुमचं स्वागत आहे.
तिने मशीनवरचा पाय उचलला.
परत वाच, म्हणाली.