करवतीचो मासो

कोटोनूच्या बंदरातून निघालेलं पोतं
न्हावाशेव्याला उतरून, ट्रकनं वेंगुर्ल्याला येऊन
सत्तेचाळिसाव्या दिवशी आमच्या गोदामात फुटलं,
आणि काजूबियांबरोबर घरंगळत आलं
एक पिवळं नाणं.

हेमलता तांडेलनं ते राखाडी बोटांनी उचललं,
पदराला पुसलं, थेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं.
पैशाचं काहीही असो, अकाउंटंटला कळतं
असा इथे समज आहे.

मी चष्मा कपाळावर सारला.
एका अंगाला एक बाई,
काचेची नळी डोळ्यांसमोर धरून काहीतरी जोखणारी.
दुसऱ्या अंगाला, मला वाटलं, फणी.
"फणी खंयची? ह्यो करवतीचो मासो.
बापाशीच्या जाळ्यात गावलेलो, मी चार वर्सांची असताना.
त्याची करवत देवळात टांगलेली आसा.
आता खंयच दिसणा नाय."

मोबाइलवर शोधलं. पंचवीस फ्रँक.
आठ देशांचा मिळून एक पैसा,
युरोच्या खुंट्याला आखूड दाव्यानं बांधलेला:
सहाशे पंचावन्न पूर्णांक नऊशे सत्तावन्न,
कितीक वर्षांत शेवटचा सातसुद्धा हललेला नाही.
"म्हणजे ह्येचे किती येतले?"
साडेतीन. चार.
"कोण दितलो?"
कोणी नाही.

तेवढ्यात दहा वाजले.
दिगंबरशेठनी टीव्हीचा आवाज वाढवला,
मुंबईत धोरण जाहीर होत होतं.
पाव टक्का कमी.
पाव टक्का म्हणजे काय ते मी सांगू शकतो:
आमच्या चार कोटींच्या उचलीवर वर्षाचे लाख रुपये,
म्हणजे बी फोडणाऱ्या एका बाईची
दहा महिन्यांची मजुरी.
शेठनी सगळ्यांना चहा सांगितला.
चहा यायच्या आत डॉलर ऐंशी पैशांनी वर.
तिकडे वॉशिंग्टनात कोणीतरी काहीच केलं नव्हतं,
दर होता तसाच ठेवला होता, बस.
बी आम्ही डॉलरात घेतो.
चहा प्यायलो. कपात साखर जरा जास्तच होती.

शनिवारी बँकेत हेमलताचा अंगठा यंत्राला पटेना.
काजूचा चीक बोटांच्या रेषा खातो.
डावा झाला, उजवा झाला, ओल्या फडक्यानं पुसून झाला.
ओळख पटली नाही. ओळख पटली नाही.
मॅनेजर पोरगा बिचारा चांगला, लातूरकडचा,
म्हणाला, मावशी, दोन दिवस बी फोडू नका,
रेषा परत येतात.
ती हसली. दोन दिवसांचे पैसे कुठल्या यंत्रातून येतात
हे तिनं विचारलं नाही, मीच मनात विचारलं.

ऐकतो की आता तिकडेही कच्ची बी बाहेर पाठवणं बंद होतंय.
आपणच फोडणार, आपणच सोलणार.
कारखान्यांना कर्ज कुणीतरी दिलंय, अटी कुणीतरी घातल्यात.
बरंच आहे.
नेमका याच्या उलट सल्ला
असाच कुणीतरी, अशाच जाड कागदावर,
आधी दिलेला असणार.
मला आपलं एवढंच दिसतं:
नळी धरलेली ती नाण्यावरची बाई,
तिच्या बोटांना
नाणं पाडणाऱ्यानं रेषा कोरलेल्या नाहीत.

वहीत ते कुठे दाखवावं कळेना.
किरकोळ जमा लिहिलं. खोडलं.
मालात आलेली घाण, असं एक सदर आहे आमच्याकडे,
खडे, सुतळी, काड्या. तिथेही हात धजेना.
शेवटी ज्याला सापडलं त्याचं, म्हणून तिला दिलं.

सोमवारी विचारलं तर म्हणाली, देवळात ठेवलंय,
करवतीच्या खाली, कोनाड्यात.
"एकमेकांक वळखतले तरी."

मी पुढच्या कंटेनरचा भाव विचारायला फोन लावला.
रिंग वाजत राहिली.
तिकडे अजून उजाडायचं होतं.