शिट्ट्या किती

तीस वर्षं उदगीरच्या खांबांवर चढलो,
अन् या विजेच्या कुकरच्या बटणाकडं
बोट पुढं सरेना.

बायको लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला.
वाटीभर तूर, हळद,
पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत.
झाकण फिरलं, टुंग झालं,
मग गप्प.

फोन आला : किती झाल्या?
म्हटलं, शिवकांता, याला शिट्टीच नाही.
मग कळायचं कसं?
आकडा उतरतोय. बारा. अकरा.
तीही तिकडं मोजू लागली.

आठला लाईट गेली.
रिटायर होऊन दोन वर्षं झाली,
तरी गल्ली माझ्याच नावानं ओरडली.
आतली वाफ मात्र दम धरून.

अंधारात जुने रबरी हातमोजे चढवले,
लांब उभं राहून
उलथन्यानं कळ ढकलली.
फुस्स—

वरण शिजलेलं.
मीठ राहिलेलं.