मागचं कुठे गेलं?

पाथर्डी फाट्यावर, टायरवाल्याच्या मागे,
दगू खैरनारच्या यार्डात
एकवीस पांढऱ्या गाड्या
आणि ही एक, विटकरी.

हप्ते थकले म्हणून पतसंस्थेनं ओढून आणलेली.
मला पाठवलंय आकडा लिहायला.
बावीस वर्षं हेच करतो:
डिपस्टिक पुसून बघतो,
दाराचं रबर ओढून वेल्डिंगचे ठिपके मोजतो,
पत्र्यावरून चुंबक फिरवतो
(पुट्टी लपवता येते माणसापासून, चुंबकापासून नाही)
आणि खाली एक रक्कम.
त्या रकमेवरून लोक असे भांडतात
जसे काही मी त्यांच्या पोराचे मार्क कापले.

"व्हाइब आहे साहेब," दगू म्हणाला,
"तुम्ही लिहाल त्याच्याही खाली देईन.
सहा महिने झाले,
हिच्या सावलीला एक कुत्रं बसतं, तेवढंच गिऱ्हाईक."

पुढून साधी. हजेरीपटासारखी.
मागे गेलं की लोक थबकतात.
डिकी मध्येच संपलेली,
गोष्ट सांगता सांगता कुणी
दूध उतू गेलं म्हणून उठून जावं तशी.
दिवे घसरून पार बंपरात;
खांबाला टेकली तर आधी दिवाच जाणार.
आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न:
मागचं कुठे गेलं?

मला कुणी विचारत नाही, तरी सांगतो.
उंच माणूस हिच्यात टोपी न काढता बसतो.
मागे तिघं बसले तर मधलासुद्धा माणसासारखा बसतो.
दोन्ही आरसे एकाच साच्यातले.
चिक्कूपणा इतका नीट केलाय
की त्याला अक्कल म्हणावं लागतं.

पण माझ्या मताचं काय.
याच यार्डात एकदा लाल सिएरा होती,
दोनच दारं, मागची काच छतापर्यंत वळलेली.
मी लिहिले अडतीस हजार.
शेरा: मागे बसणं गैरसोयीचं, पुनर्विक्री अवघड.
पिंपळगावच्या एका कंपाउंडरनं नेली.
परवा तो आठ लाखांना नाही म्हणाला,
आणि लग्नाकार्यात भेटला की
भर पंगतीत विचारतो,
"काय साहेब, अडतीसच ना?"

मी बंपरापाशी वाकलेलो असताना
सायकल लावून एक गृहस्थ आत आले.
वामन कापडणीस. सातपूरला होते, लाइनवर, आता रिटायर.
घ्यायची नव्हती. रस्त्यावरून रंग दिसला म्हणून आले.
काचेखालच्या कडेवर अंगठा फिरवत म्हणाले,
"हा जोड आमच्या शिफ्टचा असेल. नसेलही."

मग थोडं थांबून:
"पहिली आली तेव्हा आम्हीच हसलो होतो.
महिनाभरानं सवय झाली.
नंतर पुरी डिकीवाली समोर आली की
वाटायचं, हिला एवढं कशाला लागतं?"

कुत्र्याला न उठवता ते गेले.

मी फॉर्म काढला.
किलोमीटर एकसष्ट हजार. टायर निम्मे. क्लच जड.
बाजारभाव: बहात्तर हजार.
शेरा या शब्दापुढे पेन थांबलं.

घरी फोन लावला.
"जिन्याखालची जागा मोजून सांग."
"आत्ता? कुकर लावलाय."
"आत्ता."
बऱ्याच वेळानं, टेप गुंडाळल्याचा आवाज.
"तेरा फूट तीन इंच. का?"

दोन इंच उरतात.
मागचं कुठे गेलं ते
मला एकट्याला कळलं.

आपणच लावलेल्या भावात आपणच घेणं बरं दिसत नाही.
फॉर्म फाडला. दगूला म्हटलं,
सिन्नर फाट्याच्या त्या पोराला बोलाव, निकमला,
तो लिहू दे रक्कम.

आणि त्यानं बहात्तरच्या खाली लिहिलं
तर मी भांडणार आहे.