मार्चअखेर

सकाळी सहाला बर्फ दगड असतो.
खिळ्यांचे जोडे घातले की करकर चावतो,
आणि वाट निमूट वर नेते.
अकरा वाजले की त्याची नियत फिरते.
वरचा पापुद्रा सायीसारखा धरून राहतो,
खाली सगळी ओली, जाडी साखर.
विश्वासाने पाय टाकावा
आणि थेट मांडीपर्यंत.

हे मी रोज लिहिते,
वाटेच्या तोंडाशी पत्र्याच्या पेटीत जी वही असते तिच्यात,
शिसपेन्सिलीने. शाई गोठते.
न्यू हॅम्पशरच्या या उत्तर टोकाला
माझी ही अठरावी मार्चअखेर.
कुणी वाचतं, कुणी नुसतं नाव खरडून जातं.

एक गोष्ट मात्र वहीत लिहायला रकाना नाही:
इथे ज्याला कुणी शिवलं नाही तो बर्फ आधी जातो.
झाडांखालचा कोरा, देखणा,
पंधरा दिवसांत पाणी.
आणि जानेवारीपासून ज्याच्यावर
येईल त्याने भार टाकला
ती हातभर रुंद पट्टी उरते.
दोन्ही अंगांना जमीन उघडी पडली तरी
मध्ये उंच, मळकट पांढरी, कण्यासारखी.
तिच्यावरून जाताना भलेभले
बांधावरच्या पोरासारखे हात पसरून तोल धरतात.

आज त्या पट्टीला भोकं होती.
दुसऱ्या वळणापासून, स्प्रूसच्या दाटीत,
कुणीतरी भर दुपारी, साध्या बुटांनी,
विहिरी खणत गेलेलं.
मी शिवी दिली. फ्रेंचमधली, आईची, ठेवणीतली.
रात्री ही गोठणार, पहाटे कुणाचा तरी घोटा जाणार.
फावडं काढलं, बुजवत निघाले.

सहाव्या भोकाशी हात थांबला.
उजवं खोल, सरळ.
डावं उथळ, त्याच्या मागे लांब ओरखडा,
पाय न उचलता ओढून आणल्याचा.
आणि काठीचं बारीक छिद्र, दर वेळी उजवीकडे.

हा पाय मला ठाऊक आहे.
कागदाच्या गिरणीत रूळ घसरला त्या दिवसापासून
सगळ्या गावाला ठाऊक आहे.
ओनेसीम गान्ये.
मागच्या वर्षी त्यानेच बर्फात चालायचे जोडे दिले मला,
लाकडी चौकटीचे, कातडी वादीने विणलेले, त्याच्या काकाच्या हातचे.
'घेऊन जा, नोएला.
माझा आणि डोंगराचा हिशेब मिटला.'

चार पानं उलटून पाहिली होती सकाळीच.
वहीत त्याचं नाव नव्हतं.

भोकं ओढ्यापर्यंत गेली.
ओढ्यावरचा बर्फाचा पूल अजून उभा, पण पोटातून पोकळ,
कान लावला तर खालचं पाणी ऐकू येतं.
त्याने तो ओलांडला नव्हता.
काठीने तीनदा टोचून पाहिलेलं.
मग वाट सोडून, एका बर्चच्या बुंध्याशी
दोन खड्डे, शेजारी शेजारी,
काठ विरघळून गोल झालेले.
बराच वेळ उभा होता म्हणजे.

परतीचं वेगळं भोक एकही नाही.
आलेल्या खड्ड्यांतच पाय टाकत उतरला.
सवय. उगाच जास्तीचं मोडायचं नाही.

मी सगळी बुजवली, फावड्याच्या पाठीने चेपली.
बर्चपाशी दोन राहू दिली.
तिकडून कुणी जात नाही.

खाली येऊन लिहिलं:
अकरानंतर वाट मऊ. जोडे नसतील तर मागे फिरा.
ओढ्यावरचा पूल धरणार नाही.
पेन्सिल जिभेला लावली. वारा पान ओढत होता.
मग कालच्या तारखेत, दोन नावांच्या मध्ये
जेमतेम जागा होती तिथे:
ओ. गान्ये. एकटे. ओढ्यापर्यंत.

शेवटचा रकाना 'सुखरूप परत' असा असतो.
तो भरण्याआधी मान वळवून गावाकडे पाहिलं.
गिरणीमागच्या तिसऱ्या चिमणीतून
धूर सरळ वर चालला होता.

होय, लिहिलं.